शेवटी पळणारं मूल उद्या येईल का?

संध्याकाळी साडेपाच वाजता शहरातल्या कुठल्याही गृहसंकुलात जाऊन पाहा. फाटकाजवळच्या भिंतीवर पाटी असते : ‘आवारात क्रिकेट, फुटबॉल खेळण्यास सक्त मनाई आहे.’ पाटीखाली दुचाकी लावलेल्या असतात. जिथे एकेकाळी लगोरी रचली जायची, तिथे आता गाड्या लावण्यासाठी पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. शाळेच्या बसमधून उतरलेली मुलं दप्तर घरात टाकतात आणि शिकवणीला पळतात. मधे जो अर्धा तास उरतो, त्यात मोबाइल हातात येतो. मग रात्री जेवताना घरातलं कुणीतरी म्हणतं, “आजकालच्या मुलांना खेळायलाच नको!”

हा आरोप मुलांवर अन्याय करणारा आहे. खेळणं मुलांनी सोडलेलं नाही. त्यांची जागा, त्यांची वेळ आणि सोबत उभं राहणारं मोठं माणूस या तिन्ही गोष्टी आपण एकेक करून काढून घेतल्या आहेत. त्या परत दिल्या तर मुलं खेळतात का? जगभरात आणि आपल्याकडेही काही वस्त्यांनी आणि शाळांनी हे करून पाहिलं आहे. त्यातलं काय उपयोगी ठरलं आणि काय ठरलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी गरज किती, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करायला हवी. म्हणजे श्वास जलद होईल, अंग गरम होईल, अशी. शिवाय आठवड्यातले किमान तीन दिवस उड्या मारणं, चढणं, जोरात धावणं असं स्नायू आणि हाडं बळकट करणारं काहीतरी हवं. या संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयोगटातल्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलामुलींची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानुसार ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नव्हती. भारतात हे प्रमाण थोडं कमी, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश होतं. पण त्यावर खूश व्हायचं कारण नाही. भारत आणि बांगलादेशातल्या मुली इतर देशांतल्या मुलींपेक्षा थोड्या बऱ्या दिसतात, याचं एक संभाव्य कारण अभ्यासकांनी दिलं आहे, ते असं की त्यांच्या वाट्याला घरकाम जास्त येतं. म्हणजे झाडूपोछा आणि पाण्याच्या कळश्यांनी आपली आकडेवारी सावरली असावी, खेळानं नव्हे.

पंधरा मिनिटं, शाळेच्याच कपड्यांत

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरात सेंट निनियन्स नावाची प्राथमिक शाळा आहे. शाळेत मदतीला येणाऱ्या एका वयस्कर स्वयंसेवकानं मुलांकडे पाहून म्हटलं की, यांच्यात दमच नाही. मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं : तासाच्या सुरुवातीला अंग मोकळं करायला एक फेरी मारली की बरीच मुलं तिथेच दमतात. मग एका वर्गाला मैदानात नेऊन धावायला सांगितलं. बहुतेकांना एक फेरीही धड पुरी करता आली नाही. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून ठरवलं की, रोज थोडं थोडं करून पाहू. महिन्याभरात तीच मुलं मैलभर, म्हणजे साधारण १.६ किलोमीटर जाऊ लागली. ही गोष्ट २०१२ ची. पुढे हा उपक्रम ‘द डेली माइल’ नावानं ब्रिटनभर आणि इतर अनेक देशांत पसरला.

त्याचे नियम पाहण्यासारखे आहेत. रोज पंधरा मिनिटं बाहेर जायचं. वेळ वर्गशिक्षकांनी ठरवायची. मुलं वर्गात चुळबुळ करू लागली की उठायचं. कपडे बदलायचे नाहीत, वेगळे बूट नाहीत, साहित्य नाही. धावा, दुडक्या चालीनं जा, दमलात तर चाला. वेग ज्याचा त्यानं ठरवायचा. मैत्रिणीशी गप्पा मारत गेलं तरी चालतं. शर्यत नाही, पहिला क्रमांक नाही, त्यामुळे शेवटचाही नाही. शारीरिक शिक्षणाचा तास याच्या बदल्यात कापायचा नाही. आणि वर्गातलं प्रत्येक मूल यात असतं.

खर्च जवळजवळ शून्य. पण फायदा होतो का? स्टर्लिंग आणि एडिंबरा विद्यापीठांच्या संशोधकांनी ३९१ मुलांची तपासणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका शाळेनं उपक्रम नव्यानं सुरू केला होता, दुसरीनं केला नव्हता. दोन्हीकडच्या मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी छोटी यंत्रं बांधली. शैक्षणिक वर्षाअखेर तुलना केली तेव्हा उपक्रम करणाऱ्या मुलांची मध्यम ते जोरदार हालचाल दिवसाला सुमारे ९ मिनिटांनी जास्त, तर बसून राहण्याचा वेळ सुमारे १८ मिनिटांनी कमी निघाला. दमश्वासाच्या चाचणीत ही मुलं सरासरी ३९ मीटर जास्त धावली. त्वचेखालच्या चरबीची जाडीही थोडी कमी भरली. या अभ्यासात शाळा दोनच होत्या आणि त्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, एवढी मर्यादा लक्षात ठेवायला हवी.

वजनकाट्याची गफलत

त्याहून काटेकोर प्रयोग बर्मिंगहॅम शहरात झाला. ४० शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, सुमारे २,३०० मुलांवर वर्षभर लक्ष ठेवलं. प्रश्न एकच होता : या पंधरा मिनिटांनी मुलांचा लठ्ठपणा कमी होतो का? २०२० मध्ये उत्तर आलं : एकूण गटात लक्षणीय फरक नाही. मुलींमध्ये थोडी सुधारणा दिसली, मुलग्यांमध्ये नाही.

म्हणजे उपक्रम फसला का? लठ्ठपणा केवळ हालचालीवर ठरत नाही. मूल काय खातं, किती झोपतं, घराजवळ काय विकलं जातं, अनुवंश कसा आहे, अशा अनेक गोष्टी त्यात असतात. पंधरा मिनिटं चालून-पळून जेवढे उष्मांक खर्च होतात, तेवढे एका वेफर्सच्या पाकिटात सहज परत मिळतात. पण वजन तसंच राहिलं तरी हृदयाची आणि फुफ्फुसांची ताकद वाढते, स्नायू रक्तातली साखर चांगली वापरू लागतात, झोप सुधारते. वजनकाटा यातलं काहीच दाखवत नाही.

ही गफलत आपण घरोघरी करतो. जाड मुलाला ‘वजन कमी कर’ म्हणून मैदानात पाठवतो. दोन महिन्यांत काटा हलला नाही की त्याचाही धीर सुटतो, आपलाही. आणि बारीक मुलाला खेळायची गरजच नाही असं धरून चालतो. खरं तर खेळ दोघांनाही सारखाच हवा.

दुसरं चुकीचं माप पदकांचं. वस्तीत क्रीडा शिबिर भरलं की पहिल्या आठवड्यात साठ मुलं येतात. प्रशिक्षक त्यातली चपळ पंधरा निवडतात, संघ होतो, स्पर्धा होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. उरलेली पंचेचाळीस घरी जातात. खेळाडू घडवणं हे मोठंच काम आहे, पण ते वेगळं काम आहे. ज्यांना हालचालीची सर्वांत जास्त गरज असते, तीच मुलं निवड चाचणीत आधी गळतात.

तीन सेकंदांचे झटके

मुलांची हालचाल मोठ्यांसारखी नसते. आपण ठरवून चाळीस मिनिटं चालतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या मुलांचं दर काही सेकंदांनी निरीक्षण केलं गेलं. त्यांच्या जोरदार हालचालीचा एकेक झटका साधारण तीन सेकंदांचा निघाला. पळायचं, थांबायचं, वाकायचं, ओरडायचं, पुन्हा पळायचं. दिवसभरात असे असंख्य झटके मिळून मुलांचा व्यायाम होतो. म्हणून आठ वर्षांच्या मुलाला ट्रेडमिलवर चढवण्यात किंवा ‘मैदानाला दहा चकरा मार’ अशी शिक्षा देण्यात अर्थ नाही. पकडापकडीत त्याला हवं तसं झटके-विश्रांती-झटके आपोआप मिळतं.

हाडांचं गणित तर याहून निकडीचं आहे. हाडावर धक्का बसला, म्हणजे उडी मारली, पळता पळता दिशा बदलली, की हाड जास्त घट्ट बांधलं जातं. वाढीचा वेग सर्वाधिक असतो त्या सुमाराच्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या एकूण हाडांतल्या खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. मुलींमध्ये हा काळ साधारण ११ ते १४ वर्षांच्या दरम्यान येतो. फिनलंडमधल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं तपासली, तेव्हा खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा भक्कम निघालं. ज्या पाळी येण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळू लागल्या होत्या, त्यांच्यात हा फरक नंतर सुरुवात करणाऱ्यांपेक्षा सुमारे दुप्पट होता.

आता आपल्या घरांत काय होतं ते आठवा. मुलगी सातवीत गेली, पाळी सुरू झाली की ‘आता मोठी झालीस, बाहेर हुंदडू नकोस’ असं सांगितलं जातं. शाळेत धड स्वच्छतागृह नसतं, मैदानाच्या कडेला टवाळ पोरं उभी असतात. मुलगी मैदानातून नाहीशी होते, नेमकी त्या वर्षांत, जेव्हा तिची हाडं पुढच्या साठ वर्षांची पुंजी साठवत असतात. साठीनंतर घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेली आजी आपण पाहतो, तेव्हा त्या दुखण्याचा एक धागा इतका मागे जातो हे आपल्या ध्यानात येत नाही.

डोळ्यांचाही संबंध आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा घेऊन प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज शाळा सुटताना ४० मिनिटं जादा बाहेर उजेडात घालवायची होती. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना नव्यानं लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अंधूक दिसण्याचा दोष आला होता. इतर शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना. चष्मा टाळायची हमी यात नाही. पण दिवसाउजेडी बाहेर असण्याचा एवढा परिणाम होतो.

लिंबूटिंबूची शहाणी युक्ती

जे स्कॉटलंडनं नियम करून आणलं, ते आपल्या गल्लीतल्या मुलांना कुणी न शिकवता ठाऊक होतं. मोठ्या मुलांच्या खेळात धाकटं भावंडं घुसलं की त्याला ‘लिंबूटिंबू’ करायचे. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण पळायचं मात्र सगळ्यांबरोबर. जो कमजोर आहे त्याला बाहेर न बसवता आत ठेवायची ही पद्धत होती.

खेळांची रचनाही तशी. विषामृतात ‘विष’ मिळालेला गोठून उभा राहतो, पण सोबत्यानं ‘अमृत’ दिलं की पुन्हा पळतो. साखळीत पकडला गेलेला बाद होत नाही, साखळीत जोडला जातो आणि जास्तच पळतो. उलट, तीस मुलं आणि एक बॅट असलेल्या क्रिकेटमध्ये बहुतेक जण उभे असतात आणि जो लवकर बाद होतो, म्हणजे ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तोच सर्वांत जास्त वेळ बसतो. क्रिकेट बंद करा असं नाही. पण मोठ्या गटाला एकाच वेळी पळवायचं असेल तर साखळी, विषामृत, लंगडी, लगोरी हे खेळ अधिक कामाचे आहेत. खो-खोत नऊ जण बसून-उठून पाठलाग करतात. दोन छोटी मैदानं आखली तर बाहेर थांबणारी मुलंही खेळात येतात.

समूहानं व्यायाम करायची संस्थात्मक परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. मुंबईत शिवाजी पार्कवर १९२५ पासून श्री समर्थ व्यायाम मंदिर चालतं. तिथला मल्लखांब जगभर गेला. गावोगावच्या तालमी आणि व्यायामशाळा याच विचारातून उभ्या राहिल्या : संध्याकाळची ठरलेली वेळ, लाल माती किंवा मोकळं पटांगण, आणि रोज हजर असणारे गुरुजी. आज अनेक तालमींच्या जागी यंत्रांची जिम आली आहे. तिथे बारा वर्षांच्या मुलाला करण्यासारखं फारसं काही नसतं.

नागपुरात २००१ च्या सुमाराला हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुलं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे ते सर्वांना माहीत झालं. चित्रपटात नाट्य असतं. पण आरोग्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट साधी आहे : मुलं आधीपासूनच खेळत होती. कमी होतं ते चेंडू, जागा आणि रोज येणारं एक माणूस.

रस्ता दोन तास मुलांचा

मैदानच नसेल तर? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००९ मध्ये शेजारी राहणाऱ्या दोन आयांनी शाळा सुटल्यानंतर आपली गल्ली काही वेळ गाड्यांसाठी बंद केली. दोन्ही टोकांना शेजारी उभे राहिले. कुणाला घरी जायचं असेल तर गाडी चालीच्या वेगानं, माणूस पुढे चालवत आत आणायची. बाकी काही नाही; ना प्रशिक्षक, ना कार्यक्रम. मुलं बाहेर आली आणि खेळू लागली. पुढे तिथल्या पालिकेनं अशा गल्ल्यांना रीतसर परवानगी द्यायची पद्धत सुरू केली आणि इतर शहरांनी ती उचलली. कोलंबियाच्या बोगोटा शहरात तर १९७० च्या दशकापासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत वाहनांना बंद असतात.

आपल्यालाही हे अशक्य वाटू नये. गणपतीत मांडवासाठी दहा दिवस गल्ली अडवायची आपली तयारी असते. दहीहंडीला चौक बंद होतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यानं २०२१ पासून ‘पादचारी दिन’ पाहिला आहे. आठवड्यातून दोन तास मुलांसाठी गल्ली मोकळी ठेवायला मांडवापेक्षा कमी खटाटोप लागेल. पोलिसांची आणि पालिकेची परवानगी मात्र आधी घ्यावी.

आपल्या आवारात काय करता येईल?

एक, वेळ ठरवा आणि ती मोडू नका. आठवड्यातले तीन दिवस अर्धा तास का होईना, पण तीच वेळ. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की कधीच जमत नाही.

दोन, मोठ्यांची पाळी लावा. रोज दोघं हजर हवीत. त्यांनी शिकवायचं नाही. लक्ष ठेवायचं, भांडण मिटवायचं, पाणी द्यायचं. निवृत्त आजी-आजोबा यासाठी उत्तम. त्यातली एक बाई असावी, म्हणजे मुलींच्या घरचे निर्धास्त होतात.

तीन, कुणीही बाद होऊन बसणार नाही असे खेळ निवडा. मुली, धाकटी मुलं, जाड मुलं, चालताना अडचण असलेली मुलं आत येतील, असा नियम मुलांनाच बनवायला सांगा. ती तो मोठ्यांपेक्षा चांगला बनवतात.

चार, पाटी बदला. ‘खेळण्यास मनाई’ऐवजी ‘संध्याकाळी ५.३० ते ६.३० मुलांची वेळ. गाड्या सावकाश चालवा’ असं लिहा. काचा फुटायची भीती असेल तर मऊ चेंडू वापरा.

पाच, ऋतू सांभाळा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर खेळ ठेवा. मधेमधे पाणी प्यायची सुट्टी हवीच. हवा फार खराब असेल तर तेवढे दिवस दमवणारे खेळ टाळा.

सहा, आजारी म्हणून मुलाला कायमचं बसवून ठेवू नका. दमा असलेली बहुतेक मुलं योग्य औषधानं खेळू शकतात; पंप जवळ ठेवावा. मात्र धावताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, इतरांच्या मानानं फारच धाप लागणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयविकारानं मृत्यू झालेला असणं, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि उपक्रम चालतो आहे की नाही, हे कसं ओळखायचं? त्यासाठी वजन करू नका, ढाली मोजू नका. सगळ्यांत मागे पळणारं एक मूल हेरून ठेवा. ते दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी, कुणी न बोलावता, चपला पायात सरकवत जिना उतरलं, तर तुमचं बरोबर चाललं आहे. ते आलं नाही, तर त्याच्या घरी जाऊन विचारा. बहुधा उत्तर ‘त्याला खेळायला नको’ असं नसतं. ‘त्याला कुणी घेत नाही’ असं असतं.